फास्ट चार्जिंग नेमकं कुठे अडतं?

इलेक्ट्रिक गाडीला चार्जरची गन (केबलच्या टोकाचा जाड प्लग) लावली, गाडीनं ती पकडली, स्क्रीनवर 'कृपया थांबा' आलं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटानं 'चार्जिंग फेल'. कारण नाही, कोड नाही. अशा वेळी कोणी चार्जरला नावं ठेवून पुढचं स्टेशन गाठतो, तर कोणाला बॅटरी गेली की काय ही काळजी पोखरायला लागते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

फास्ट चार्जिंगचा बिघाड शोधताना सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे चार्जिंग कोणत्या क्षणी थांबलं. गन लावल्या लावल्या? अर्ध्या मिनिटानं? पंधरा मिनिटं नीट चालून मग? की थांबलंच नाही, पण रखडत राहिलं? ही चार वेगळी दुखणी आहेत. स्क्रीनवरचा संदेश मात्र बऱ्याचदा चारही वेळा सारखाच असतो. म्हणून घड्याळाकडे लक्ष द्यायचं. त्यासाठी गन लावल्यापासून करंट वाहेपर्यंत आत काय काय घडतं, ते आधी समजून घेऊ.

स्लो चार्जिंगमध्ये गाडीत एसी करंट (घरातल्यासारखा, दिशा बदलत राहणारा) येतो आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर त्याचा डीसी (एकाच दिशेनं वाहणारा) करून बॅटरीला देतो. फास्ट चार्जिंगमध्ये हे काम बाहेरच, स्टेशनच्या कॅबिनेटमध्ये उरकलं जातं. तिथून येणारा डीसी ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीकडे जातो. वाटेत कॉन्टॅक्टर नावाचे दोन दणकट रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच, असतात. ते जुळले की स्टेशन आणि बॅटरी सरळ एकमेकांना जोडली जातात.

एवढ्यावरूनच शोधाची पहिली दिशा मिळते. स्लो चार्जिंग व्यवस्थित चालतंय आणि फास्ट चालत नाही, तर ऑनबोर्ड चार्जर बदलून काहीही साधणार नाही, कारण फास्ट चार्जिंगमध्ये तो वाटेतच नाही. तेव्हा संशय डीसी पिना, डीसी कॉन्टॅक्टर, त्या पिनांवरचे तापमान सेन्सर आणि स्टेशनशी बोलणारं मॉड्यूल यांच्यावर जातो. उलट फास्ट चालतंय आणि स्लो नाही, तर आधी ऑनबोर्ड चार्जरच बघायचा. दोन्ही बंद असेल तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी तपासायच्या: पायलटची तार (गाडी आणि स्टेशन यांच्यातल्या इशाऱ्यांची), अर्थिंग, गनचं लॉक, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि बॅटरीचा कारभार बघणारं बीएमएस.

पहिली काही सेकंदं: बोलणं जुळतंय का?

सीसीएस या फास्ट चार्जिंगच्या एका पद्धतीच्या गनमध्ये दोन जाड डीसी पिनांखेरीज काही बारीक पिना असतात. त्यातली एक कंट्रोल पायलट. स्टेशन या तारेवर १२ व्होल्टचा सिग्नल ठेवतं. गन गाडीत बसली की गाडीतला रेझिस्टर तो ९ व्होल्टवर ओढतो, आणि गाडी चार्जिंगला तयार झाली की तो ६ व्होल्टवर येतो. इतक्या साध्या रीतीनं गाडी 'मी आले' आणि 'मी तयार आहे' हे सांगते. सिग्नल शून्यावर गेला तर काहीतरी शॉर्ट आहे किंवा स्टेशननं हात वर केले आहेत.

त्याच तारेवर स्टेशन सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणारी लहर पाठवतं. तिचा चालू भाग ५ टक्के असेल तर अर्थ असा की 'आता डिजिटल भाषेत बोलू'. मग त्याच तारेवरून उच्च फ्रिक्वेन्सीचे संदेश सुरू होतात. या तंत्राला पॉवर लाइन कम्युनिकेशन म्हणतात. चाडेमो आणि जीबी/टी या दुसऱ्या चार्जिंग पद्धतींत याच कामासाठी कॅन बसच्या (संदेश वाहणाऱ्या) वेगळ्या तारा असतात.

उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल शेजारच्या केबलमध्येही झिरपतो. शेजारी शेजारी दोन गन असल्या तर गाडीला दोन्ही स्टेशनं ऐकू येऊ शकतात. म्हणून गाडी आधी आवाज देते, तो किती क्षीण होऊन पोचला ते प्रत्येक स्टेशन मोजून कळवतं, आणि ज्याला तो सगळ्यात स्पष्ट ऐकू आला तेच आपलं स्टेशन असं गाडी ठरवते. या पायरीला स्लॅक म्हणतात. पायलट पिनेवर धूळ, ओल किंवा गंज असेल, पीन किंचित मागे सरकली असेल, तर ९ व्होल्टचा सिग्नल पोचतो, पण डिजिटल बोलणं तुटतं. मग गाडीला गन लागल्याचं कळतं, दिवाही लागतो, आणि पुढे काहीच होत नाही.

म्हणून पहिल्या काही सेकंदांत अडलं तर बॅटरीचा विचारसुद्धा करू नका. बॅटरीचा नंबर अजून आलेलाच नाही. गन बाहेर काढा, सॉकेटमध्ये टॉर्चच्या उजेडात बघा, कोरड्या मऊ कापडानं बाहेरची धूळ पुसा, पण पिनांना धातूचं काही लावू नका. केबल जड असते आणि तिच्या वजनानं गन खाली झुकते. त्यामुळे वरच्या बाजूच्या बारीक पिना नीट भिडत नाहीत. गन पुन्हा लावताना खालून हातानं आधार द्या, आत घट्ट दाबून धरा आणि लॉकचा आवाज होईपर्यंत सोडू नका. हा उपाय इतका साधा आहे की लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. तो लागू पडला, तर बिघाड गनच्या किंवा सॉकेटच्या बसण्यात आहे हेही त्याच वेळी सिद्ध होतं.

लॉकबद्दल एक गोष्ट. फास्ट चार्जिंगमध्ये गन कुलूपबंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय करंट सुरूच होत नाही, कारण भर करंटमध्ये गन उपसली तर मोठी ठिणगी पडेल. लॉकची छोटी मोटर अडकली, किंवा लॉक बसल्याचं सांगणारा स्विच बिघडला, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही चार्जिंग होणार नाही. गन लावल्यावर 'खट्' असा एकच आवाज येण्याऐवजी 'खट्-खट्-खट्' येत असेल तर लॉक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय.

आणि १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. कॉन्टॅक्टरच्या कॉइल, बीएमएस, स्टेशनशी बोलणारं मॉड्यूल, हे सगळं तिच्या जिवावर चालतं. ती अशक्त झाली की मोठ्या बॅटरीत भरपूर चार्ज असूनही गाडी विचित्र वागते आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम उठतात. कोडांची अशी गर्दी दिसली की मी सगळ्यात आधी या बॅटरीचं व्होल्टेज मोजायला सांगेन.

अर्धं मिनिट झाल्यावर: इन्सुलेशन आणि प्रीचार्ज

बोलणं जुळलं की गाडी आपल्या मर्यादा सांगते: जास्तीत जास्त किती व्होल्ट, किती अँपिअर. स्टेशन आपल्या सांगतं. मग स्टेशन केबलमध्ये व्होल्टेज सोडून बघतं की डीसी तारांतून अर्थिंगकडे कुठे गळती तर नाही. या वेळी गाडीचे कॉन्टॅक्टर उघडेच असतात, म्हणजे तपासणी होते ती केबल, गन आणि सॉकेटपर्यंतच्या भागाची. सुरक्षेच्या नियमांत डीसीसाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओहम रोध धरला जातो. ४०० व्होल्टच्या यंत्रणेत तो ४० किलोओहम होतो. धडधाकट यंत्रणेत तो याच्या कितीतरी पट असतो.

इथे अडलं आणि नुकताच पाऊस पडून गेला असेल, किंवा गाडी प्रेशरनं धुतली असेल, तर ओल हा पहिला संशयित. सॉकेटच्या तळाला पाणी निघून जायला छिद्रं असतात. ती चिखलानं बुजली की पाणी आत साचतं. सॉकेट सुकल्यावर चार्जिंग आपोआप होऊ लागलं, तर कारण कळलं. सुकल्यावरही वेगवेगळ्या स्टेशनांवर तोच दोष येत असेल, तर मात्र गाडीतली केबल किंवा सॉकेट तपासून घ्यायलाच हवं.

कॉन्टॅक्टर जुळल्यानंतरच इन्सुलेशनचा दोष येत असेल तर गोष्ट वेगळी. आता तपासणीत बॅटरी आणि तिला जोडलेली बाकीची हाय-व्होल्टेज यंत्रणाही आलेली असते: गाडी थंड करणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर, हीटर, बॅटरीच्या आतली कूलंटची गळती. चार्जिंग चालू असताना एसी लावला की दोष येतो आणि बंद ठेवला की येत नाही, एवढं निरीक्षण टेक्निशियनचे कित्येक तास वाचवतं.

इन्सुलेशन पास झालं की प्रीचार्ज. शेजारी शेजारी दोन टाक्या आहेत, एकीत पाणी वर आणि दुसरीत तळाला. मधली झडप एकदम उघडली तर पाणी धाडकन घुसेल. आधी दोन्हीकडची पातळी सारखी केली तर झडप शांतपणे उघडते. इथे पाण्याच्या जागी व्होल्टेज आहे. बॅटरी ३७० व्होल्टवर असेल तर स्टेशन आपलं व्होल्टेज तिथवर आणतं, आणि दोन्हींतला फरक २० व्होल्टच्या आत आला की गाडी कॉन्टॅक्टर जोडते. आयएसओ १५११८-२ या मानकात इन्सुलेशन तपासणीला ४० सेकंद आणि प्रीचार्जला ७ सेकंद एवढी मुदत आहे. ती उलटली की दोघंही बोलणी मोडून मोकळे होतात. त्यामुळे 'टाइमआउट' असा संदेश आला तर नेटवर्क किंवा ॲपची चूक आहे असं लगेच धरू नका.

कॉन्टॅक्टरचं एक खास दुखणं म्हणजे चिकटणं. मोठा करंट वाहत असताना त्यांना उघडावं लागलं तर संपर्काच्या टोकांवर ठिणगी पडते, धातू वितळतो आणि टोकं वेल्ड होऊन बसतात. प्रत्येक चार्जिंगच्या शेवटी कॉन्टॅक्टर खरंच उघडले का, हे सॉकेटवरचं व्होल्टेज बघून तपासता येतं. चिकटलेला आढळला की पुढच्या वेळी गाडी फास्ट चार्जिंगला चक्क नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे. म्हणून चार्जिंग थांबवायला स्टेशनवरचं लाल इमर्जन्सी बटण वापरू नका. ते संकटासाठी आहे. ॲपवरून, स्क्रीनवरून किंवा गाडीतून थांबवलं की आधी करंट शून्यावर येतो आणि मग कॉन्टॅक्टर सुटतात. 'मागच्या वेळी मध्येच बंद पडलं आणि त्यानंतर सुरूच होत नाही' अशी तक्रार असेल तर हा मुद्दा टेक्निशियनला आवर्जून सांगा.

चालू आहे, पण रखडतंय: हात आखडता कोणी घेतला?

फास्ट चार्जिंगमध्ये करंट किती हे गाडी मागते आणि स्टेशन पुरवतं. गाडीचं बीएमएस क्षणाक्षणाला सांगत राहतं, 'मला एवढे अँपिअर दे'. त्यामुळे हळू चार्जिंगच्या प्रत्येक तक्रारीत मूळ प्रश्न एकच: गाडीनं कमी मागितलं, की मागितलेलं स्टेशननं दिलं नाही?

ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला) स्कॅनर लावून, किंवा काही गाड्यांत ॲपवरूनही, मागितलेला आणि मिळालेला करंट हे दोन आकडे शेजारी शेजारी बघता येतात. समजा स्टेशन १५० किलोवॉटचं आहे आणि गाडी घेतेय जेमतेम ३८. स्कॅनरवर मागणी १०५ अँपिअर, पुरवठाही १०५, व्होल्टेज ३६५. म्हणजे स्टेशन मागेल तेवढं देतंय. हात आखडता घेतलाय तो गाडीनं. आता त्याच स्क्रीनवर बॅटरीचं तापमान बघा. ते ९ अंश असेल तर उत्तर मिळालं. थंड बॅटरीत जोरानं करंट ढकलला तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. बीएमएस ते होऊ देत नाही. इथे बिघाड काहीच नाही. स्टेशनवर पोचण्याआधी बॅटरी गरम करण्याची सोय गाडीत असेल तर ती वापरायची. काही गाड्यांत ती नकाशात चार्जिंग स्टेशन हेच ठिकाण निवडल्यावर आपोआप सुरू होते.

आता दुसरं चित्र. मागणी ३०० अँपिअर, मिळतायत १२५. इथे कमी पडतंय स्टेशन. त्याचं एखादं पॉवर मॉड्यूल बंद असेल, हवेचा फिल्टर चोंदून आतली उष्णता वाढली असेल, किंवा शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागून शक्ती वाटली गेली असेल. गाडी गॅरेजला नेऊन यातलं काहीच सुटणार नाही.

स्टेशनच्या पाटीवरचा आकडा तर वेगळ्याच कारणानं फसवतो. ३५० किलोवॉटचं स्टेशन ५०० अँपिअर देऊ शकत असेल, तर ४०० व्होल्टच्या गाडीला त्याच्याकडून जास्तीत जास्त २०० किलोवॉटच मिळतील. व्होल्ट गुणिले अँपिअर, बाकी काही नाही. पूर्ण जोर मिळतो तो ८०० व्होल्टच्या आसपासच्या गाडीला. त्यातून बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की मागणी उतरत जाते, तीही ठरवून. ८५ टक्क्यांवर गाडी लावून वेग मोजला आणि चार्जर खराब ठरवला, तर तो चार्जरवर अन्याय आहे.

पंधरा मिनिटांनी पडतं, तेव्हा

सुरुवात झकास आणि काही मिनिटांनी करंट एकदम निम्मा, किंवा थेट बंद. अशा वेळी उष्णतेचा माग काढायचा, आणि तो सॉकेटपासून.

डीसी पिनेच्या संपर्कात रोध अगदी थोडा असतो, ओहमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तो ०.२ मिलिओहम असेल तर २०० अँपिअरला तिथे ८ वॉट उष्णता तयार होते. पीन काळवंडली, खरखरीत झाली आणि रोध १ मिलिओहम झाला, की तिथेच ४० वॉट. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हीच पीन ५० अँपिअरच्या छोट्या चार्जरवर काहीही कुरकुर करत नाही: तिथे जेमतेम अडीच वॉट. 'छोट्या चार्जरवर चालते, मोठ्यावर पडते' या तक्रारीमागे हे गणित असू शकतं. पिनेजवळ तापमान सेन्सर असतो. साधारण ९० अंशांच्या मर्यादेकडे आकडा सरकला की गाडी आधी करंट कमी करते आणि तरी भागलं नाही तर थांबवते.

सॉकेटमध्ये नीट बघितलं तर खूप कळतं. चांगली पीन एकसारखी चकाकते. दुखावलेल्या पिनेवर तपकिरी किंवा निळसर झाक येते, टोकाजवळ बारीक खड्डे पडतात, भोवतीचं प्लॅस्टिक पिवळं किंवा चकचकीत होऊन किंचित ओघळल्यासारखं दिसतं. असं दिसलं की ती गाडी दुसऱ्या गनला लावू नका. खराब सॉकेट चांगली गन बिघडवतं आणि बिघडलेली गन पुढच्या गाडीचं सॉकेट. दोन डीसी पिनांच्या तापमानात मोठा फरक दिसत असेल तर तोही मोठा पुरावा आहे, कारण करंट दोघींतून तोच वाहतो.

सॉकेट थंड आणि बॅटरी तापलेली असेल तर कूलिंगकडे वळा: कूलंटची पातळी, पंप, झडप, पंखा. यात गूढ फार काही नसतं.

सेलचा दोष कसा ओळखायचा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात महागडे चुकीचे निदान इथेच होतात. बॅटरीच्या पॅकमध्ये शेकडो सेल असतात, पण चार्जिंग थांबतं ते सगळ्यात आधी वरच्या मर्यादेला टेकणाऱ्या सेलमुळे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनात ही मर्यादा सुमारे ४.२ व्होल्ट, तर लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ३.६५. बाकीचे सेल ३.९५ वर असताना एखादा ४.१८ वर पोचला की बीएमएस मागणी कापतं. गाडी ६० टक्क्यांवरच मंदावते.

हा फरक कधी दिसतो, ते बघायचं. गाडी तासभर स्वस्थ उभी असतानाही तो सेल वेगळाच असेल, तर सेलमधला समतोल बिघडलाय आणि काही वेळा तो संथ चार्जिंगनं, पूर्ण भरू देऊन, सुधारतो. उभी असताना सगळे सारखे, पण चार्जिंगमध्ये तोच वर उडतो आणि गाडी जोरात पळवताना तोच खाली कोसळतो, तर त्याचा अंतर्गत रोध वाढलाय, किंवा त्याला जोडणारी पट्टी ढिली झालीय. पट्टी ढिली असणं आणि सेल मरणं, दोन्हींचे आकडे सारखेच दिसतात. म्हणून पॅक बदला असं कोणी सांगितलं तर आधी विचारा: विश्रांतीतले आणि लोडखालचे सेलचे व्होल्टेज दाखवाल का, आणि जोडण्या तपासल्या का? हा प्रश्न विचारणं गाडीच्या मालकाचा हक्क आहे. चांगला टेक्निशियन त्यावर चिडत नाही, स्क्रीन तुमच्याकडे वळवतो.

पॅक उघडणं, हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावणं, सॉकेटमध्ये मीटरच्या तारा खुपसणं मात्र प्रशिक्षण नसलेल्या माणसानं कधीच करू नये. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक धरला जातो आणि इथे तो त्याच्या कितीतरी पट असतो. गाडी बंद केली म्हणून बॅटरीतलं व्होल्टेज नाहीसं होत नाही.

मालकाला करता येण्यासारखी सगळ्यात भक्कम तपासणी म्हणजे अदलाबदल. आधी त्याच स्टेशनची दुसरी गन. मग वेगळ्या कंपनीचं स्टेशन, कारण एकाच बनावटीच्या दोन स्टेशनांत सॉफ्टवेअरचा दोषही सारखाच असू शकतो. जमलं तर त्याच गनवर दुसरी गाडी. तुमची गाडी सगळीकडे अडते तर दोष गाडीत. त्या गनवर सगळ्याच गाड्या अडतात तर दोष गनमध्ये. तुमची गाडी फक्त एकाच बनावटीच्या स्टेशनांवर अडते, तर दोघांच्या बोलण्यात कुठेतरी मानकाचा अर्थ वेगळा लावला गेलाय. तो सॉफ्टवेअर अपडेटनंच सुटतो, पार्ट बदलून नाही.

प्रत्येक वेळी वेळ, स्टेशनचा आणि गनचा नंबर, बॅटरीचे टक्के, हवामान आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो ठेवा. गाडी आणि स्टेशन दोघंही सत्र का संपलं याची नोंद ठेवतात. सर्व्हिस सेंटरकडे गाडीची नोंद असते आणि स्टेशन चालवणाऱ्यांकडे स्टेशनची. तुम्ही दिलेली नेमकी वेळ असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून आधी कोण थांबलं ते सेकंदापर्यंत ठरवता येतं.